शेख, शाहीर अमर

शेख, शाहीर अमर : (२० ऑक्टोबर १९१६ – २९ ऑगस्ट १९६९). मराठी शाहीर, कवी, अभिनेते आणि कामगार चळवळीचे कार्यकर्ते. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म बार्शी (जि. सोलापूर) येथे. मोटारीवर क्लीनर, गिरणीत कामगार, विसापूरच्या तुरुंगात कैदी, कोल्हापूरच्या स्टुडिओत नोकर, लाल बावट्याचे शाहीर आणि रुपेरी पडद्यावरचे नट अशा अनेक भूमिका त्यांना आयुष्याने दिल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज घरोघर पोचला. त्या आवाजाची घडण मात्र त्याआधीच्या कष्टाच्या वर्षांत झाली होती.

परिसर व बालपण : बार्शीच्या पूर्वेला धाराशिव जिल्हा लागतो. अमर शेख लहान असताना या दोहोंच्या मधून राज्याची हद्द जात होती. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, तर शेजारचा धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. माणसांची ये-जा आणि मालाची वाहतूक मात्र दोन्ही बाजूंनी चालू असे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी मार्गावर सुरू झाली आणि १९११ मध्ये येडशीवरून लातूरपर्यंत पोचली. बालाघाटाचा कापूस आणि धान्य बार्शीच्या पेठेत येई. गिरण्यांमुळे गावात कामगारवस्ती वाढली. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे बोली एक आणि जात्यावरच्या ओव्याही त्याच. गरीब मुसलमान घरातल्या या मुलाला मराठी लोकगीतांचा ठेवा आई मुनेरबी यांच्याकडून मिळाला. पुढे हजारोंच्या सभेत गातानाही त्यांच्या चालींमध्ये हा घरचा, मातीचा सूर टिकून राहिला.

मजुरी, तुरुंग, स्टुडिओ : पोटासाठी त्यांनी काही काळ मोटारीवर क्लीनरचे काम केले. नंतर गिरणीत लागले. तिथे कामगारांच्या संपात पुढाकार घेतल्यामुळे त्यांना विसापूरच्या (जि. अहिल्यानगर) तुरुंगात जावे लागले. तुरुंगात कॉम्रेड कऱ्हाडकर यांच्या सहवासात साम्यवादी विचारांशी त्यांची ओळख झाली आणि ती निष्ठा पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरली. सुटकेनंतर कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत त्यांनी काम धरले. ‘अमर शेख’ हे नाव त्यांना तिथल्या मित्रमंडळींनी दिले. चित्रपटाच्या दुनियेत पाय ठेवूनही ते तिथे रमले नाहीत. कामगारांच्या सभांना त्यांच्या गळ्याची गरज होती आणि त्यांनी तीच वाट पत्करली.

लाल बावटा कलापथक : १९४०च्या दशकात अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या त्रयीने मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. या पथकाने तमाशाचा साचा घेतला, पण त्यातला आशय बदलला. पारंपरिक गणात गणपतीला वंदन असे. इथे मातृभूमीला, कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना वंदन होई. गवळण वगळली गेली. सोंगाड्या, बतावणी आणि वग मात्र ठेवले, कारण सावकार, जमीनदार आणि गिरणीमालक यांची झाडाझडती घ्यायला सोंगाड्याच्या सवाल-जबाबाइतके सोयीचे साधन दुसरे नव्हते. अण्णा भाऊंची लेखणी आणि अमर शेखांचा पहाडी आवाज यांची जोड जमली, तेव्हा गिरणगावातल्या मोकळ्या मैदानाचेच नाट्यगृह होऊ लागले. मोरारजी देसाई यांच्या काळात मुंबई सरकारने या कार्यक्रमांवर बंदी घातली. त्यानंतर तमाशाऐवजी ‘लोकनाट्य’ हे नाव रूढ झाले आणि प्रयोग चालू राहिले.

संयुक्त महाराष्ट्र : ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. सभेत वक्ते उभे राहण्याआधी शाहिरांनी डफावर थाप मारायची, ही या लढ्याची रीतच होती. मुंबई, विदर्भ आणि मराठवाडा एका राज्यात यावेत ही मागणी अमर शेखांच्या दृष्टीने नकाशापुरती नव्हती. ज्या हद्दीच्या कडेला ते वाढले, ती हद्द त्यांच्या डोळ्यांदेखत पुसली जात होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी धाराशिवसह मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. या लढ्यात १०६ जणांनी प्राण दिले. गोवा मुक्तीच्या आंदोलनासाठीही त्यांनी आपला डफ वाजवला.

अभिनय : आचार्य अत्रे यांच्या महात्मा फुले (१९५४) या चित्रपटात त्यांनी काम केले. प्रपंच (१९६१) मध्ये त्यांना प्रमुख भूमिका मिळाली. मधुकर पाठक दिग्दर्शित या चित्रपटात मोठ्या कुटुंबाच्या ओझ्याने आणि कर्जाने पिचलेला खेड्यातला कुंभार त्यांनी उभा केला. सोबत अभिनेत्री सुलोचनाबाई होत्या. मैदान गाजवणाऱ्या या शाहिराने इथे आवाज खाली आणला. दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले होते, त्यामुळे कुंभाराची हतबलता त्यांना ओढूनताणून आणावी लागली नाही. झगडा या नाटकातही त्यांनी भूमिका केली.

लेखन : कलश (१९५८) आणि धरतीमाता (१९६३) हे त्यांचे कवितासंग्रह, अमरगीत हा गीतांचा संग्रह, पहिला बळी हे नाटक. छत्रपती शिवाजी, होळकर आणि उधमसिंग यांच्यावर त्यांनी पोवाडे रचले. युगदीप आणि वख्त की आवाज ही नियतकालिकेही चालवली. अत्र्यांनी त्यांची तुलना रशियन क्रांतिकवी मायाकोव्हस्कीशी केली. त्यांची कविता वाचण्यापेक्षा ऐकण्यासाठी घडलेली आहे. छापील पानावर तिची लय थोडी उघडी पडते, पण मोठ्याने म्हणताच तिचे बळ लगेच जाणवते.

अखेर व वारसा : इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात २९ ऑगस्ट १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी १३ जूनला अत्रे आणि १८ जुलैला अण्णा भाऊ गेले होते. अवघ्या अडीच महिन्यांत संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावरचे तीन बुलंद आवाज हरपले. मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख या मराठीतील नामवंत कवयित्री. नामवंत झाल्यावर कामगारवस्ती सोडून जाणारे कलावंत पुष्कळ असतात. अमर शेख पडद्यावर आले, पुस्तकांतून छापले गेले, तरी मैदानात उभे राहून गायचे त्यांनी सोडले नाही. शाहिरी ही कष्टकऱ्यांची स्वतःची कला आहे, हा विश्वास त्यांनी आयुष्यभर कृतीने जपला आणि मराठी लोककलेला त्यांचे हेच सर्वांत मोठे देणे आहे.