नभोवाणीचे स्थित्यंतर आणि श्रोत्याचा खिसा

मागल्या दिवाळीच्या सुमारास सोलापुरातील आमच्या यंत्रमाग कामगारांच्या कचेरीत एक खोके येऊन दाखल झाले. आमच्या एका जुन्या सभासदाचा मुलगा इंग्लंडात नोकरीस असतो. सुट्टीवर येताना त्याने ते संघटनेसाठी म्हणून आणले होते. आत एक लहानसा संगीतसंच निघाला. मधे ठेवायचे वीत-दीड वीत रुंदीचे यंत्र, त्यात तबकडी सरकवण्याची खाच, दोन बाजूंना ठेवायचे दोन ध्वनिवर्धक, आणि एरियल म्हणून एक लांब वायर. यंत्राच्या तोंडावर 'डिजिटल रेडिओ' अशी अक्षरे होती.

संच मांडण्याचे काम आम्हीच अंगावर घेतले. विलायती प्लगाचे तीन चपटे पाय आपल्या भोकांत बसेनात, म्हणून बाजारातून जोडणीची पिन आणली. ध्वनिवर्धकांच्या वायरी लावल्या, तबकडी घातली. गाणे सुरू झाले, परंतु तबल्याचा डग्गा कोठे नाहीसा झालेला! गाणाऱ्याचा आवाजही समोरून न येता खोलीभर विरघळल्यासारखा वाटे. अर्ध्या तासाने उमगले की, एका बाजूची तांबडी वायर आम्ही काळ्याच्या जागी खुपसली होती. त्यामुळे एक पडदा पुढे येई तेव्हा दुसरा मागे जाई, आणि जाड स्वर एकमेकांस मारून टाकीत. वायर फिरवताच डग्गा परत आला. मग रेडिओचे बटण दाबून केंद्रे शोधण्याचा हुकूम दिला. पट्टीवर एक रेघ डावीकडून उजवीकडे सरकत गेली, आणि शेवटी आकडा उमटला : शून्य. एरियल खिडकीत टांगली, शून्य. गच्चीवर नेली, तरी शून्य. एफ. एम.चे बटण दाबले मात्र, आणि आकाशवाणीचे सोलापूर केंद्र खणखणीत बोलू लागले.

जमलेल्यांतले एक वृद्ध विणकर म्हणाले, "अण्णा, म्हंजी हे बटण दाबाया इंग्लंडलाच जायाचं म्हना की!"

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. ते खरे का होते हे शोधता शोधता आम्ही जे वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहो.

प्रथम डिजिटल म्हणजे काय ते पाहू. सोलापूरकरास हे समजावणे अवघड नाही, कारण त्याने जेकार्डचा माग पाहिलेला असतो. जोसेफ मारी जेकार्ड या फ्रेंच गृहस्थाने १८०४ साली आपला माग पुढे आणला. त्यात चादरीवरचा मोर हा पुठ्ठ्यांवरील भोकांत लिहिलेला असतो. भोक आहे किंवा नाही, तिसरी गोष्ट नाही. जुना रेडिओ आवाजाचा चढउतार लहरीच्या चढउतारावर जसाच्या तसा उमटवतो. डिजिटल रेडिओ आधी आवाजाचे पुठ्ठे पाडतो, ते पुठ्ठे आकाशातून धाडतो आणि घरच्या यंत्राकडून पुन्हा मोर विणून घेतो. याचा लाभ असा की, वाटेत थोडी खरखर झाली तरी भोक ते भोकच राहते आणि आवाज स्वच्छ येतो. तोटा असा की, पुठ्ठे एका मर्यादेपलीकडे फाटले की मोर फिकट होत नाही, तो एकदम नाहीसाच होतो. जुन्या रेडिओवर दूरचे केंद्र खरखरीतून का होईना, कळे. येथे एक तर लखलखीत किंवा ठार मुके. शिवाय पुठ्ठे पाडण्यास आणि वाचण्यास वेळ लागतो, म्हणून या रेडिओवरचे वेळेचे ठोके घड्याळाच्या मागे पडतात.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. एका पद्धतीचे पुठ्ठे दुसऱ्या पद्धतीच्या मागावर चालत नाहीत. आमच्या संचास युरोपातील पद्धत तेवढी ठाऊक होती. ती पद्धत आपल्याकडील नभोवाणीने स्वीकारलेली नाही.

दोन ध्वनिवर्धकांची हकीकतही येथेच सांगून टाकू. १९३१ साली ॲलन ब्लमलाइन हा लंडनचा तरुण अभियंता पत्नीबरोबर बोलपट पाहण्यास गेला असता त्याच्या ध्यानात आले की, नट पडद्याच्या एका बाजूस आणि त्याचा आवाज भलत्याच बाजूस, असे सांगतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने दोन वाटांनी आवाज नेण्याच्या शोधाचे पेटंट मागितले. हाच स्टीरिओ. पुढे १९४२ च्या जूनमध्ये रडारची चाचणी घेत असता विमान कोसळून तो वारला. वय अवघे ३८. त्याच्या शोधाचे घरगुती पीक त्याने पाहिले नाही.

या स्टीरिओची एक खोड आहे. दोन ध्वनिवर्धक आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण जमला पाहिजे. मग सतार डावीकडे, तबला उजवीकडे आणि गाणारा बरोबर मधे बसतो. पण त्रिकोणाच्या टोकावर माणूस मावतो एक! आमच्या कचेरीत सतरंजीवर वीस माणसे बसतात. मधल्याला मैफल मिळते, कडेच्याला नुसता तबला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालवली होती. गावची माणसे एका रेडिओभोवती आठवड्यातून दोनदा जमत, ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. त्या रेडिओला एकच कर्णा होता आणि वाईट जागा कोणाचीच नव्हती. असो. आम्ही स्टीरिओचे शत्रू नव्हे. रात्री सारे गेल्यावर त्या टोकावर आम्हीच बसतो.

आता मूळ विषय. ऐकू येणाऱ्या रेडिओस नव्या पद्धतीने मुके करण्याचा पहिला मोठा प्रसंग अमेरिकेत घडला, आणि तो एफ. एम.च्याच नशिबी आला. एडविन आर्मस्ट्राँग या संशोधकास १९३३ च्या डिसेंबरात या पद्धतीची पेटंटे मिळाली. विजा कडाडल्या तरी खरखर न होणारा हा रेडिओ होता. १९४१ पासून ४२ ते ५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात त्याची केंद्रे रीतसर चालू लागली आणि युद्ध पेटेपर्यंत लोकांनी काही लाख संच विकतही घेतले. १९४५ साली अमेरिकेच्या सरकारी आयोगाने ठरवले की, एफ. एम.ने तो पट्टा सोडून ८८ मेगाहर्ट्झच्या वर जावे. वातावरणाच्या वरच्या थरांमुळे खालच्या पट्ट्यात दूरची केंद्रे एकमेकांत घुसतील, असे कारण देण्यात आले. आर्मस्ट्राँगच्या पक्षाने ते कारण अमान्य केले. टेलिव्हिजनमागे भांडवल गुंतवून बसलेल्या बड्या कंपन्यांस हे सोयीचे आहे, असा त्यांचा आरोप होता. खरे-खोटे काहीही असो, परिणाम एकच झाला. जुनी प्रक्षेपणे थांबली तसे ते लाखो संच निरुपयोगी ठरले, आणि ते ज्यांनी पदरचे पैसे टाकून घेतले होते त्यांस भरपाई कोणी दिली नाही. आर्मस्ट्राँग पेटंटांच्या दाव्यांत पिचून गेला आणि १९५४ च्या ३१ जानेवारीस त्याने न्यूयॉर्कच्या उंच घरातून उडी घेतली. त्याची पत्नी मॅरियन हिने दावे पुढे चालवले आणि शेवटचा १९६७ साली जिंकला. नवऱ्याच्या हक्कासाठी तिने तेरा वर्षे झुंज दिली. श्रोत्यांच्या बाजूने मात्र असा दावा कोणी लढवलेला आमच्या वाचनात आला नाही.

युरोपातील डिजिटल रेडिओचे काम १९८७ साली अनेक देशांनी मिळून हाती घेतले. आमच्या संचात बसवलेली पद्धत ती हीच. तिला डॅब म्हणतात. तिची रचना मोठी चतुर आहे. एकाच केंद्राला एक लहर न देता अनेक केंद्रांचे पुठ्ठे एका गठ्ठ्यात बांधतात आणि तो गठ्ठा १५३६ बारीक लहरींवर वाटून धाडतात. चार लहरी डोंगराने अडवल्या तरी बाकीच्यांवरून मोर पुरा होतो. शेजारशेजारचे मनोरे एकाच लहरीवर चालू शकतात, त्यामुळे प्रवासात केंद्र पुन्हा शोधावे लागत नाही. १९९५ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या सार्वजनिक नभोवाणीने आणि सप्टेंबरात ब्रिटनच्या बी. बी. सी.ने हे प्रक्षेपण सुरू केले. परंतु संच महाग, ऐकणारे कोण? ब्रिटनमध्ये २००२ साली ९९ पौंडांचा टेबलावरचा संच आला, तेव्हा कोठे सामान्य माणूस दुकानात शिरला.

आणि तो शिरतो न शिरतो तोच पुठ्ठे बदलले! आवाज अधिक घट्ट बांधण्याची रीत निघाली. त्याच गठ्ठ्यात अधिक केंद्रे मावू लागली. २००७ च्या सुमारास तिचे मानक ठरले आणि तिला डॅबपुढे अधिक चिन्ह लावून 'डॅब प्लस' हे नाव मिळाले. ऑस्ट्रेलियाने २००९ साली थेट याच पद्धतीने प्रारंभ केला, म्हणून तेथे कोणाचे फारसे बिघडले नाही. ब्रिटनमध्ये मात्र आरंभीच्या उत्साहाने घेतलेल्या संचांना नवी केंद्रे वाचता येईनात. जो आधी विश्वास ठेवतो तो आधी बुडतो, हा अनुभव आम्हांस पतपेढ्यांच्या बाबतीत होता. रेडिओच्या बाबतीतही तो यावा याचे नवल वाटले.

नॉर्वेची गोष्ट याहून मोठी आहे. डोंगर आणि समुद्राच्या खाड्या यांनी चिरलेल्या त्या देशात पन्नास-बावन्न लाख लोकांसाठी एफ. एम.चे मनोरे राखणे फार खर्चाचे होते. एफ. एम. आणि डॅब अशी दोन्ही जाळी एकदम चालवणे तर त्याहून. म्हणून सरकारने २०१७ च्या ११ जानेवारीस नूरलान परगण्यात राष्ट्रीय वाहिन्यांचे एफ. एम. बंद करण्यास हात घातला आणि १३ डिसेंबरला अगदी उत्तरेस ते काम संपवले. असे करणारा हा जगातील पहिला देश. तेथील एका वृत्तपत्राने त्या आधी घेतलेल्या चाचणीत दर तिघांपैकी दोघे या बदलाच्या विरुद्ध होते. घरोघरचे स्वयंपाकघरातले रेडिओ, खेडेगावचे कोठीतले रेडिओ आणि लाखो मोटारींतले रेडिओ एकेका परगण्यात गप्प झाले. मोटारीत जोडयंत्र बसवावयाचे तर त्याचे पैसे मालकाने द्यावयाचे.

आता निःपक्षपातीपणाने सांगितले पाहिजे की, नॉर्वेने हे चोरून केले नाही. लोकसभेत चर्चा झाली, अटी घातल्या गेल्या : नवे जाळे जुन्याइतके पसरले पाहिजे, आणि पुरेसे लोक आधीच डिजिटल ऐकत असले पाहिजेत. कित्येक वर्षांची पूर्वसूचना होती. लहान स्थानिक केंद्रांस बहुतेक ठिकाणी एफ. एम.वर राहू दिले. वाहिन्या वाढल्या, आवाज सुधारला. हा सर्व लाभ खरा आहे. परंतु मनोऱ्यांची बचत प्रक्षेपण करणाऱ्याच्या वहीत जमा झाली आणि नव्या संचाचा खर्च श्रोत्याच्या वहीत पडला. गिरणीत नवे साचे येतात तेव्हा हीच वही आम्ही मालकासमोर उघडून बसतो, म्हणून ती आमच्या नजरेतून सुटत नाही. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक नभोवाणीने २०२४ च्या डिसेंबरअखेर आपले एफ. एम. थांबवले, तेव्हा श्रोत्यांनी निराळाच जबाब दिला : कित्येकांनी नवा संच न घेता जुन्याच संचावर दुसरे केंद्र लावले. संपाची ही तऱ्हा आम्हांस नवीन होती.

आपल्याकडे मात्र दुखणे उलटे आहे, आणि ते जुनेही आहे. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते सुरू झाले. मनोरा उभा, गवई तयार. पण संच कोणाकडे? वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे, आणि यंत्र विलायती. अवघ्या हिंदुस्थानात आठ हजार परवानेही झाले नाहीत. १९३० साली कंपनी दिवाळ्यात निघाली आणि सरकारास ती चालवावयास घ्यावी लागली. आज आकाशवाणीने डी. आर. एम. या नावाची निराळीच डिजिटल पद्धत घेतली आहे. ती मध्यमलहरींवर चालते, एका मनोऱ्यातून शेकडो मैल जाते आणि खेड्यापाड्यांच्या आपल्या देशास सोयीची आहे, हे आम्हांस मान्य आहे. पस्तीसच्या आसपास मध्यमलहरी प्रक्षेपक तीसाठी सज्ज करण्यात आले. पण ती वाचणारा रेडिओ काही कंपन्यांच्या नव्या मोटारींत बसवून मिळतो. कामगाराच्या खोलीत ठेवावयाचा स्वस्त संच सोलापूरच्या बाजारात आम्ही चार दुकानांत मागितला. तिघांनी नाव ऐकले नव्हते, आणि चौथ्याने आम्हांस एक ब्लूटूथचा डबा दाखवला.

म्हणून या स्थित्यंतराबाबत आमचे मागणे चढउतार न करता सांगतो. उद्या येथे जुनी प्रक्षेपणे थांबवण्याचा विचार झाला, तर तारीख मनोऱ्यांकडे पाहून ठरवू नये, दुकानातील सर्वांत स्वस्त संचाची किंमत पाहून ठरवावी. मोटार नसलेल्या माणसाकडे संच किती आहेत याची मोजदाद आधी व्हावी. आणि मनोऱ्यांच्या विजेत जी बचत होईल तिचा काही भाग संच स्वस्त करण्यास लागावा. पूर आणि वादळाच्या रात्री मोबाईलचे मनोरे पडतात तेव्हा सेलवरचा रेडिओच बोलत राहतो. तो रेडिओ कोणाच्या घरात आहे, हा प्रश्न केवळ करमणुकीचा नव्हे.

कचेरीतील संच आता खिडकीजवळ कायम झाला आहे. सकाळी त्यावर सोलापूर केंद्राच्या बातम्या लागतात. ध्वनिवर्धक आम्ही त्रिकोणात न ठेवता भिंतीच्या दोन टोकांना, उंच फळीवर टांगले आहेत, म्हणजे सतरंजीच्या कडेलाही शब्द पोचतात. डिजिटलचे बटण पोरे अधूनमधून दाबून पाहतात. रेघ डावीकडून उजवीकडे जाते, शून्य उमटते आणि मग कोणीतरी एफ. एम. लावून देतो.