ऊसतोड कामगार आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचे मानवाधिकारविषयक उत्तरदायित्व

महाराष्ट्रातील साखर वापरणाऱ्या शीतपेय व खाद्यपदार्थ कंपन्यांनी ऊसतोडणीतील कर्जबद्ध मजुरी, बालमजुरी आणि स्त्रियांच्या आरोग्याची हेळसांड यांची जबाबदारी कितपत घ्यावी, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे. मार्च २०२४ मध्ये द न्यूयॉर्क टाइम्स व द फुलर प्रोजेक्ट यांचे संयुक्त शोधवृत्त प्रसिद्ध झाल्यावर तो जगभर चर्चिला गेला. ऊसतोड कामगारांच्या संघटना व महिला संघटना त्यातील बहुतेक बाबी त्यापूर्वीच मांडत आल्या होत्या.

पार्श्वभूमी

नीरा डावा कालव्यामुळे पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके ऊसपट्टा बनले. इंदापूर तालुक्यातील शेळगाव याच पट्ट्यात येते. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर येथील सहकारी कारखाने व त्यांच्या जोडीला उभे राहिलेले खाजगी कारखाने या भागात गाळप करतात. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना आदी दुष्काळी भागांतील मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील अशा ऊसपट्ट्यांत येतात, फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोप्या घालून राहतात आणि गाळप हंगाम संपल्यावर परततात.

पती-पत्नीच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात व मजुरी व्यक्तीची नसून कोयत्याची मोजली जाते. हंगामापूर्वी मुकादम जोडीला ‘उचल’ देतो, ती तोडलेल्या उसाच्या टनांवर फेडायची असते. आजारपणामुळे वा बाळंतपणामुळे कामावर न गेल्यास ‘खाडा’ म्हणून रक्कम कापली जाते. उचल फिटली नाही, तर ती पुढच्या हंगामावर चढते.

मालक कोण?

उत्तरदायित्वाची साखळी सर्वप्रथम तुटते ती मुकादमापाशी. कारखाना वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी करार करतो आणि मजूर आपले नाहीत असे सांगतो. मुकादमाकडे, जो अनेकदा स्वतःच पूर्वीचा ऊसतोड कामगार असतो, दवाखाना, पाळणाघर वा विमा पुरवण्याची ऐपत नसते. तोडणीचा दर मात्र कारखान्यांचा राज्य संघ आणि कामगार संघटना यांच्यातील वाटाघाटींतून ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये तो ३४ टक्क्यांनी वाढवण्यात आला. दर ठरवणारा पक्ष मालक नाही, हा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो.

अनेक फडांतील ऊस कारखान्यात एकत्र गाळला जात असल्याने साखरेचा माग काढता येत नाही, असेही सांगितले जाते. परंतु कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक खेपेची पावती होते, तिच्यावरून शेतकरी व वाहतूकदार ओळखता येतात. या नोंदींत जिचे नाव सहसा सापडत नाही, ती मोळ्या बांधणारी व डोक्यावरून वाहणारी स्त्री होय.

गर्भाशय शस्त्रक्रिया

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण अधिक असल्याची बाब २०१९ मध्ये विधिमंडळात गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या सर्वेक्षणानुसार, ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. पाळीच्या दिवसांत फडात पाणी व शौचालय नसणे, खाड्याची भीती आणि खाजगी दवाखान्यांचा सल्ला ही कारणे पुढे आली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड कामगारांच्या शोषणाची स्वतःहून दखल घेतली.

कायदेशीर चौकट

उचल घेऊन किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात बांधून ठेवणे हे १९७६ च्या वेठबिगार पद्धत निर्मूलन अधिनियमाच्या कक्षेत येऊ शकते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवरील काम ही राज्यघटनेच्या कलम २३ मधील सक्तीची मजुरी ठरते व हे कलम खाजगी व्यक्तींविरुद्धही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात म्हटले. याउलट १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम बीडहून इंदापूरला येणाऱ्या मजुराच्या उपयोगाचा नव्हता, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेलीच नसते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये व राज्याकडून तितकीच रक्कम देण्याची तरतूद झाली. साखरेच्या मोठ्या खरेदीदारांवर असा कोणताही भार नाही.

खरेदीदार कंपन्या

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने १६ जून २०११ रोजी मान्य केलेल्या व्यवसाय व मानवाधिकारविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, कंपनीने स्वतः हानी केली नसली तरी तिच्या मालाशी वा व्यावसायिक संबंधांशी थेट जोडलेली हानी टाळण्याचा व कमी करण्याचा प्रयत्न तिने करायचा असतो. ही तत्त्वे बंधनकारक नाहीत.

२०२४ च्या शोधवृत्तात कोका-कोला व पेप्सिको यांची नावे होती. कोका-कोलाच्या सल्लागारांना २०१९ मध्येच महाराष्ट्रातील फडांत मुले ऊस तोडताना आढळली होती, असे त्यात नमूद होते. आपली एक मोठी भागीदार बाटलीबंद कंपनी महाराष्ट्रातून साखर घेते, हे पेप्सिकोने मान्य केले. खरेदीदारांचा भर बोनसुक्रोसारख्या प्रमाणपत्रांवर असतो. असे प्रमाणपत्र कारखान्याला मिळते. तपासनीस ठरलेल्या दिवशी येतो आणि टोळी तोपर्यंत दुसऱ्या फडात गेलेली असू शकते.

भारतात सेबीने २०२२-२३ पासून १,००० मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. सहकारी कारखाने सूचिबद्ध नसल्याने त्या कक्षेबाहेर राहतात. युरोपीय संघाचा पुरवठा साखळीविषयक निर्देश जुलै २०२४ मध्ये अंमलात आला, परंतु कंपन्यांना तो लागू होण्याची मुदत २०२५ मध्ये पुढे ढकलण्यात आली.