मालवण सागरी अभयारण्य

मालवण सागरी अभयारण्य हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील संरक्षित सागरी क्षेत्र आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ते १९८७ मध्ये घोषित झाले. एकूण २९.१२ चौ. किमी क्षेत्रापैकी ३.१८ चौ. किमी गाभाक्षेत्र असून त्यात सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड व भोवतालचे खडक येतात. येथे प्रवाळ व सागरी शैवाल आढळतात.

व्यवस्थापन

मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्यास विरोध केला. त्यामुळे दीर्घकालीन नियोजनात संवर्धनाला उपजीविकेची जोड देणे अपरिहार्य ठरले. राज्य वन विभाग व संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम यांच्या सिंधुदुर्ग किनारा प्रकल्पात खेकडापालन, कालवपालन व कांदळवन पर्यटनास चालना मिळाली. लहान मासळी निसटून वाढावी, यासाठी चौकोनी आसाच्या जाळ्यांचाही प्रसार करण्यात आला.