कोरडी भिंत आणि तिचे सांधे

भिंती बांधणाऱ्यांचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. भिंतीच्या फटी बुजवणाऱ्यांचा मात्र नाही म्हटले तरी चालेल. अमेरिकेतील घरांच्या आतल्या भिंती ज्या जिप्समच्या फलकांनी उभ्या राहतात, त्यांच्यावरील बहुतेक लेखन फलकाच्या शोधापासून सुरू होते आणि फलकाच्या यशापाशी थांबते. दोन फलकांच्या मधल्या फटीचे पुढे काय झाले, हे विचारण्याची गरज कुणास वाटत नाही. आम्हांसही वाटली नसती. न्यू जर्सीतील आमचे १९५६ सालचे घर दुरुस्तीस काढले, आणि फटीनेच तो प्रश्न विचारला.

फलक येण्यापूर्वीची रीत आपल्या वाचकांना अगदीच परकी वाटू नये. कुडाच्या भिंतीत कारव्यांच्या वा कामट्यांच्या जाळीवर चिखल लिंपतात. अमेरिकेत लाकडाच्या अरुंद पट्ट्या जवळजवळ ठोकून त्यांवर गिलावा चढवीत. पट्ट्यांच्या मधल्या जागेतून ओला गिलावा मागे घुसे, तेथे वाकून घट्ट बसे आणि भिंतीस धरून ठेवी. एकावर एक तीन थर, प्रत्येक थर वाळण्याची प्रतीक्षा, आणि हे सारे हात बसलेल्या गवंड्याच्या थापीखाली. घर बांधून झाले तरी भिंती वाळेपर्यंत मालकास बाहेरच थांबावे लागे.

ऑगस्टीन सॅकेट यांनी १८९४ साली ज्या फलकाचे पेटंट घेतले, तो या पट्ट्यांना पर्याय म्हणून. कागदाच्या थरांमध्ये जिप्समचे पातळ थर भरलेली ती चौरस पाटी भिंतीच्या सांगाड्यावर ठोकायची आणि वरून गिलावा करायचाच, असा बेत होता. म्हणजे गवंड्याला घालवण्याचा विचार मुळात नव्हता. तो नंतर आला. युनायटेड स्टेट्स जिप्सम या शिकागोच्या कंपनीने १९०९ मध्ये सॅकेट यांचा उद्योग विकत घेतला, आणि दोन कागदांमध्ये जिप्समचा एकच जाड गाभा असलेला फलक १९१७ पासून ‘शीटरॉक’ या नावाने विकण्यास आरंभ केला. आता भिंत ‘कोरडी’ झाली. पाणी नाही, थापी नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही!

लोकांना ती पटली नाही, आणि याचे एक मोठे कारण फट हेच असावे असे आमचे मत आहे. फलक शेजारी-शेजारी ठोकले की सांधा दिसणारच. सुरुवातीस त्यावर लाकडी पट्टी मारून तो झाकीत. पण अशी खोली तात्पुरत्या छावणीसारखी दिसे, आणि गिलावा परवडत नाही अशांची ती खूण ठरे. शिकागोच्या १९३३-३४ च्या जागतिक प्रदर्शनातील इमारतींत हे फलक मोठ्या प्रमाणावर वापरले गेले, त्याने नाव झाले. खरा पालट घडवला तो दुसऱ्या महायुद्धाने. माणसे कमी, घाई फार. युद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांना घरे हवी होती. लाँग आयलंडवरील लेव्हिटटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांहून अधिक घरे उभी राहिली, ती अशाच कोरड्या भिंतींच्या बळावर.

पण कोरडी भिंत कधीच पुरती कोरडी नव्हती. चार फूट रुंद फलकाच्या लांब कडा कारखान्यातच किंचित उतरत्या ठेवलेल्या असतात. दोन कडा जुळल्या की त्यांच्यामध्ये एक उथळ खोबण तयार होते. त्या खोबणीत कारागीर पातळ लगदा भरतो, त्यात दोन बोटे रुंदीची कागदी पट्टी दाबून बसवतो आणि जादा लगदा निपटून काढतो. वाळल्यावर दुसरा हात, पहिल्याहून रुंद; मग तिसरा, वीतभराहूनही रुंद. प्रत्येक थराची कड इतकी पातळ उतरवायची की बोटाला लागू नये. शेवटी घासकाम. खिडकीतून तिरपा उजेड पडला की जो सांधा दिसत नाही, तो साधला. या लगद्याला तेथले कारागीर ‘मड’, म्हणजे सरळ चिखल, म्हणतात. ज्या गवंड्याला भिंतीवरून उतरवले होते, तो फटीच्या वाटेने परत आला तो असा. फक्त मजुरी आणि मान दोन्ही उतरले होते.

इंग्लंडात हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सुटला. तेथे सांध्यांवर पट्टी लावून सबंध फलकावर दोन-तीन मिलिमीटरचा गिलावा फिरवण्याची चाल टिकून राहिली, आणि त्याबरोबर गिलावा करणाराही. असो.

अमेरिकन लगद्याची अडचण अशी, की तो जिप्समसारखा पाणी पिऊन घट्ट होत नाही. त्यात मुख्यतः चुनखडीची भुकटी आणि चिकटवणारे द्रव्य असते. पाणी उडून जाते, लगदा आकसतो आणि तडकतो. तडकू नये म्हणून कारखानदारांनी त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू घातले. उपाय नामी होता. मात्र घासताना तेच तंतू पिठासारख्या धुळीतून हवेत उडत. फलक ठोकणारा सुटे. सांधा घासणारा दिवसभर ती धूळ श्वासात घेई, आणि कोरडी भुकटी कालवताना व शेवटी झाडताना पुन्हा घेई.

ॲस्बेस्टॉसचे आवरण बसवणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांवर आयर्विंग सेलिकॉफ यांनी १९६४ सालीच बोट ठेवले होते. त्यांच्या न्यूयॉर्कमधील गटाने १९७५ मध्ये दुकानांत मिळणारे लगदे तपासून दाखवून दिले, की घरच्या घरी फटी बुजवणाऱ्यालाही रोग जडण्याइतकी धूळ लागू शकते. असे लगदे विकण्यास सरकारी बंदी झाली ती १९७७ च्या अखेरीस. मधल्या तेरा वर्षांत किती सांधे घासले गेले असतील! भिंती तर मुद्दाम अशा केलेल्या, की सांधा कुठे आहे हेही कळू नये.

आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर एका सांध्याशी लांब भेग होती. कामास आलेल्या कंत्राटदाराने ‘घासून टाकू, तासाभराचे काम’ असे सांगितले. आम्ही घर बांधल्याचे वर्ष सांगितले, तेव्हा तो हसला आणि आपले वडील हेच करीत असत, असे म्हणाला. वडील आता कसे आहेत, हे विचारण्याचे धाडस आम्हांस झाले नाही. भेगेजवळची चिमूटभर भुकटी ओली करून प्रयोगशाळेत पाठवली. उत्तर आले: क्रिसोटाइल, दोन टक्के.

भिंत घासली नाही. जुन्या भिंतीला न फोडता तिच्यावरच नवे पातळ फलक ठोकले, आणि त्यांचे सांधे नव्या लगद्याने भरले. या लगद्यात ॲस्बेस्टॉसच्या जागी अभ्रक आणि चिकणमाती असते. तिसरा हात वाळला तेव्हा कंत्राटदाराचा तरुण मदतनीस मुखपट्टी न लावताच घासायला उभा राहिला. आम्ही त्यास थांबवून आमच्याकडची मुखपट्टी दिली. ती त्याने लावली खरी, पण पाच मिनिटांनी आम्ही पाहिले तेव्हा ती हनुवटीवर उतरली होती.