व्हिडिओ खेळ, गृहसंचावरील

दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या साहाय्याने घरी खेळावयाचे खेळ. खेळाडू हातातील नियंत्रकाने पडद्यावरील आकृत्या हलवितो आणि खेळाचे नियम, गुणसंख्या व प्रतिस्पर्ध्याच्या हालचाली उपकरण स्वतः सांभाळते. बहुतेक जुन्या उपकरणांत खेळाचा कार्यक्रम काढघाल करता येणाऱ्या पेटीत साठविलेला असे. भारतात या पेटीला सर्रास ‘कॅसेट’ म्हणत. विसाव्या शतकाच्या अखेरच्या तीन दशकांतील यांपैकी अनेक खेळ आता अभिजात गणले जातात व नव्या उपकरणांवर पुन्हा प्रसिद्ध केले जातात. त्यामुळे जुने खेळ सुरक्षित राहिले, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अंशतःच खरा आहे आणि महाराष्ट्रातील घरांत हे खेळ ज्या रूपात आले त्या रूपाला तर तो क्वचितच लागू पडतो.

इतिहास : राल्फ बेअर या अभियंत्याच्या प्रयोगांतून तयार झालेला ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हा पहिला गृहसंच अमेरिकेत १९७२ मध्ये विक्रीस आला. त्याच वर्षी अटारी कंपनीने सार्वजनिक ठिकाणी नाणे टाकून खेळावयाचा ‘पाँग’ हा खेळ काढला व १९७५ मध्ये त्याची घरगुती आवृत्ती आणली. या आरंभीच्या संचांतील खेळ मंडलांतच ठरून गेलेले असत. सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारा व कॅसेट बदलून नवा खेळ खेळू देणारा ‘फेअरचाइल्ड चॅनल एफ’ हा संच जेरी लॉसन यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९७६ मध्ये बाजारात आला. अटारीच्या १९७७ मधील संचाने ही पद्धत लोकप्रिय केली. पुढे निकृष्ट खेळांची गर्दी झाल्याने १९८३ मध्ये अमेरिकेतील हा व्यवसाय कोसळला. न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिको राज्यातील ॲलमगोर्डो येथे पुरण्यात आल्या. त्यांपैकी काही २०१४ मध्ये उकरून काढण्यात आल्या. ज्या वस्तू तीस वर्षांपूर्वी कचरा ठरल्या, त्याच आता वस्तुसंग्रहालयांत ठेवण्याजोग्या मानल्या गेल्या.

जपानमधील निन्टेंडो कंपनीने जुलै १९८३ मध्ये ‘फॅमिकॉम’ हा संच काढला. १९८५ पासून तो थोड्या बदलांनिशी अमेरिकेत विकला जाऊ लागला. त्याची कार्यकारी स्मृती अवघी २ किलोबाइट होती. एका आडव्या रेषेवर आठांहून अधिक हलत्या आकृत्या त्याला दाखविता येत नसत. म्हणून गर्दीच्या दृश्यांत आकृत्या लुकलुकत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा संपूर्ण खेळ सु. ४० किलोबाइटमध्ये बसविलेला आहे. त्यातील ढग आणि झुडपे यांची आकृती एकच असून केवळ रंग वेगळा आहे. या खेळांचे सौंदर्य पुष्कळ अंशी अशा काटकसरीतून निर्माण झाले.

भारतातील प्रसार : भारतात रंगीत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत संच पोहोचले. विदेशी खेळसंचांवरील जड आयातशुल्कामुळे ते बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. शॉ वॉलेस कंपनीने १९९५ मध्ये भारतात आणलेल्या सेगाच्या ‘मेगा ड्राइव्ह’ संचाची किंमत सु. १८,००० रुपये होती. परिणामी भारतीय घरांत प्रामुख्याने फॅमिकॉमच्या धर्तीवर तयार झालेले स्वस्त संच आले. ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही नावे त्या काळात परिचित होती. यांशिवाय निनावी संचही विपुल होते. मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारपेठा यांसाठी प्रसिद्ध होत्या. नाशिकच्या गंगापूर रोडसारख्या, शहराबाहेर वाढत गेलेल्या वसाहतींतील घरांत सामान्यतः एकच दूरचित्रवाणी संच असे. त्याच्या मागील अँटेनाची वायर काढून खेळाची वायर लावावयाची, मग चित्र उमटेपर्यंत वाहिनी जुळवावयाची आणि बातम्यांच्या वेळी सर्व पुन्हा पूर्ववत् करावयाचे, असा क्रम असे.

या संचांबरोबर मिळणाऱ्या कॅसेटींवर शेकडो, क्वचित लाखो खेळांची संख्या छापलेली असे. प्रत्यक्षात त्यांत मोजकेच खेळ असत. एकच खेळ निरनिराळ्या टप्प्यांपासून सुरू करून तो वेगळा म्हणून मोजला जाई. अनेक खेळांची नावे बदललेली व निर्मात्यांची नावे पुसलेली असत. त्यामुळे ‘काँट्रा’ मनसोक्त खेळलेल्या मुलांना तो कोनामी कंपनीचा आहे, हे बहुधा माहीत नसे. या कॅसेटी स्वामित्वहक्काचा भंग करणाऱ्या होत्या, यात शंका नाही. परंतु एका पिढीचा या कलाप्रकाराशी परिचय त्यांच्याच द्वारे झाला, हेही तितकेच खरे.

मूळ खेळ व हे रूप यांत तांत्रिक भेदही होता. जपान व अमेरिकेतील दूरचित्रवाणी दर सेकंदास ६० चित्रक्षेत्रे दाखवी, तर भारतातील ५०. खेळाची गती या आवर्तनाशी बांधलेली असल्याने न बदललेला खेळ येथे सु. एकषष्ठांशाने संथ चाले. नक्कल केलेल्या काही चकत्यांत ध्वनितरंगांची मांडणी उलटसुलट झाल्यामुळे संगीताचा पोतही वेगळा लागे.

पुनःप्रकाशने : जुना खेळ पुन्हा प्रसिद्ध करण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत चित्रे व ध्वनी नव्याने घडवितात; उदा., १९९३ चा ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’. दुसरीत जुन्या यंत्राचे वर्तन नव्या यंत्रावर आज्ञावलीद्वारे हुबेहूब उभे करतात. यास अनुकरण म्हणतात. अनुकरणाच्या आज्ञावली प्रथम हौशी लोकांनी प्रचारात आणल्या. व्यवसायाने तो मार्ग पुढे मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. निन्टेंडोने २००६ मध्ये जुने खेळ जालावरून विकण्यास प्रारंभ केला. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिने ३० खेळ असलेला छोटा संच काढला, तर २०१७ मधील दुसऱ्या छोट्या संचात ‘स्टार फॉक्स २’ हा वीसहून अधिक वर्षे अप्रकाशित राहिलेला खेळ प्रथमच लोकांपुढे आला. ‘अटारी ५०’ (२०२२) या संकलनात खेळांबरोबर मुलाखती व आराखडेही दिले आहेत.

तथापि या मार्गाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. ‘डक हंट’ (१९८४) या खेळातील बंदुकीचा चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई व लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीतील प्रकाशसंवेदक तो टिपी. ही योजना ऋण किरण नलिकेच्या पडद्यावरच चालते. म्हणून पुनःप्रकाशनात बंदूकच बदलावी लागली. शिवाय जालावरील दुकाने कायम राहत नाहीत. निन्टेंडोची अशी दोन दुकाने मार्च २०२३ मध्ये विक्रीस बंद झाली. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी केवळ सु. १३ टक्के बाजारात उपलब्ध आहेत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ मधील पाहणीत आढळून आले. जे खपेल तेच पुन्हा निघते.

जतनाचा प्रश्न : पुनःप्रकाशन म्हणजे जतन नव्हे, याचे उदाहरण चित्रपटाच्या इतिहासात आहे. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये प्रदर्शित केला व त्याच वर्षी आपला व्यवसाय नाशिकला हलविला. १९१७ मध्ये त्यांनी हा चित्रपट पुन्हा चित्रित केला. आज उपलब्ध असलेली रिळे मूळ चित्रपटाची की पुनर्निर्मितीची, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, ते पहिल्या चित्रपटानंतर पन्नास वर्षांनी. तोपर्यंत मूकपटांचा बहुतांश भाग नष्ट झाला होता. व्हिडिओ खेळांनाही आता पन्नास वर्षे उलटली आहेत. ग्रंथांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांत जमा करण्याची तरतूद भारतात १९५४ च्या अधिनियमाने झाली. ती ग्रंथ व वृत्तपत्रे यांपुरती आहे.

मूळ कंपन्या आपले खेळ पुन्हा काढतील. परंतु खोट्या संख्येची कॅसेट, बदललेली नावे, संथ गती व वेगळा नाद यांसह येथे खेळला गेलेला खेळ कोणतीही कंपनी पुन्हा काढणार नाही, कारण तिच्या दृष्टीने तो चोरीचा माल होय. इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो पुरावा आहे. माळ्यावर पडलेले असे संच व कॅसेटी भंगारात जाण्यापूर्वी त्यांची नोंद झाली, तरच नव्वदीच्या दशकातील मराठी घरांतील या करमणुकीचा इतिहास लिहिता येईल.