स्पोर्ट्स कारमधील नायट्रस ऑक्साईड : वाढीव शक्ती आणि तिची किंमत

इंजिनात किती इंधन जाळता येईल, हे त्याला मिळणाऱ्या ऑक्सिजनवर अवलंबून असते. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो. नायट्रस ऑक्साईडमध्ये हे प्रमाण सुमारे ३६ टक्के आहे. हा वायू स्वतः जळत नाही. इंजिनातील उष्णतेने त्याचे विघटन होऊन ऑक्सिजन मुक्त होतो. सिलिंडरमधील द्रवरूप वायूचे बाष्पीभवन होताना आत येणारी हवा थंड व अधिक दाट होते. परिणामी काही काळ इंजिनाची शक्ती वाढते. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने ‘जीएम-१’ या प्रणालीद्वारे विमानांसाठी हेच तत्त्व वापरले होते.

महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये मात्र हा प्रयोग अधिक जोखमीचा ठरतो. फेरारी ४५८ इटालियाच्या ४.५ लिटर, आठ सिलिंडरच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन गुणोत्तर १२.५:१ आहे. इतक्या दाबाखाली चुकीला फारसा वाव उरत नाही. वायूच्या प्रमाणात इंधन न वाढल्यास तापमान बेसुमार वाढते, मिश्रण अनियंत्रितपणे पेट घेते आणि पिस्टन वितळू शकतो. त्यामुळे वायूसोबत जादा इंधनाची अचूक व्यवस्था अपरिहार्य असते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.