शहराच्या भिंतीवर कोणाचें चित्र?

घराच्या दिवाणखान्यांत कोणतें चित्र लावावें हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. चित्र आवडेनासें झालें तर तें उतरवून माळ्यावर टाकतां येतें, आणि पाहुण्याला तें रुचलें नाहीं तर तो घटकाभरानें निघून जातो. चौकांतील पुतळ्याचें किंवा रस्त्यावरील भित्तिचित्राचें तसें नाहीं. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला त्याच्याकडे पाहावेंच लागतें, आणि त्याचा खर्चहि पुष्कळदां त्याच माणसाच्या करांतून झालेला असतो. मग शहराच्या भिंतीवर काय असावें हें ठरवावें कोणीं? देणगी देणाऱ्या धनिकानें, कलेच्या जाणकारानें, कायदे करणाऱ्या नगरसभेनें, कीं भिंतीसमोर राहणाऱ्या रहिवाशानें? अमेरिकेंतील फिलाडेल्फिया या शहरानें गेल्या दीडशें वर्षांत या प्रश्नाचीं एकामागून एक अशीं चार उत्तरें देऊन पाहिलीं. त्या उत्तरांचा इतिहास आज श्रोत्यांपुढें ठेवावयाचा आहे.

पहिलें उत्तर देणगीदारांचें. १८७२ सालीं तेथील कांहीं कलाप्रेमी नागरिकांनीं 'फेअरमाउंट पार्क आर्ट असोसिएशन' नांवाची संस्था काढली. कारखान्यांच्या धुरानें वेढलेल्या या उद्योगनगरींत लोकांना फिरावयास जें विस्तीर्ण उद्यान होतें, तें शिल्पांनीं सुशोभित करावें हा तिचा हेतु. वर्गणी जमवावी, शिल्प विकत घ्यावें किंवा घडवून घ्यावें आणि तें शहराला अर्पण करावें, असा तिचा क्रम असे. तिच्या आरंभींच्या शिल्पांपैकीं एकांत मेलेल्या हरणावरून भांडणारे लांडगे दाखविले आहेत. शहराचा खजिना सांभाळून शहर नटविणारी ही रीत वाईट खासच नव्हती. परंतु देणगीचा एक स्वभाव असतो. देणाऱ्याला नकार देणें अवघड, आणि ज्याच्या दारांत ती वस्तु उभी राहावयाची त्याला विचारण्याची चाल नाहीं. चांगल्याबरोबर सुमार कामेंहि चौकांत येऊन उभीं राहण्याचें भय असे, तें यामुळेंच.

तेव्हां दुसरें उत्तर पुढें आलें, तें जाणकारांचें. न्यूयॉर्क शहरानें १८९८ पासून एक 'आर्ट कमिशन', म्हणजे कलामंडळ, नेमलें होतें. या मंडळाच्या संमतीवांचून कोणतीहि कलाकृति शहराच्या मालकीची होऊं शकत नसे. फिलाडेल्फियांतहि १९११ पासून 'आर्ट ज्युरी' या नांवानें अशीच परीक्षक समिति काम करूं लागली, आणि १९५१ सालच्या नगरसनदेनें तिच्या जागीं कलामंडळ आलें. अशा मंडळाचें काम मुख्यतः द्वारपालाचें. नकाशा पाहावा, नमुना पाहावा, जागा पाहावी, आणि योग्य नसेल तर 'नाहीं' म्हणावें. 'नाहीं' म्हणणारें कोणी असणें ही शहराची मोठीच सोय आहे, हें मान्य केलें पाहिजे.

परंतु द्वारपालालाहि कधीं कधीं पेंच पडतो. १९८० सालीं एका गाजलेल्या चित्रपटमालिकेसाठीं नायक 'रॉकी' याचा ब्राँझचा पुतळा घडविण्यांत आला. चित्रणासाठीं तो कला-संग्रहालयाच्या भव्य पायऱ्यांच्या माथ्यावर उभा केला होता. चित्रण संपल्यावर वाद माजला. ही कलाकृति म्हणावी कीं चित्रपटाचें सामान? जाणकारांनीं नाकें मुरडलीं. सामान्य लोकांना मात्र हा हरून पुन्हां उठणारा गरीब मुष्टियोद्धा आपल्याच गल्लींतला वाटत होता. पुतळ्याची रवानगी शहराच्या दक्षिण भागांतील एका क्रीडागृहापुढें झाली. तथापि लोकांचें प्रेम ओसरेना, आणि अखेर २००६ सालीं कलामंडळानें मत घेऊन त्याला संग्रहालयाच्या पायऱ्यांच्या पायथ्याशीं जागा दिली. माथ्यावर नाहीं, पायथ्याशीं! या तडजोडींत जाणकार आणि जनता या दोघांचाहि मान राखला गेला.

तिसरें उत्तर कायद्याचें व पैशाचें. १९३४ सालीं मंदीच्या दिवसांत अमेरिकेच्या अर्थखात्यानें एक विभाग काढला, आणि नव्या सरकारी इमारतींच्या खर्चापैकीं शेंकडा एक इतका भाग चित्रशिल्पांसाठीं राखून ठेवण्याचें धोरण धरलें. त्यांतून देशभरच्या टपालकचेऱ्यांच्या भिंती रंगल्या. ती योजना युद्धकाळांत मावळली, पण कल्पना उरली. १९५९ सालीं फिलाडेल्फियाच्या पुनर्विकास-मंडळानें ठरविलें कीं, आपल्याकडून जमीन घेऊन जो कोणी बांधकाम करील त्यानें बांधकामाच्या खर्चाच्या शेंकडा एक तरी रक्कम कलाकृतींवर खर्चिली पाहिजे. त्याच वर्षीं नगरसभेनेंहि शहराच्या स्वतःच्या इमारतींना तसाच नियम लावला. अमेरिकेंतील शहरांत हा पहिला प्रयोग. पुढें सिॲटल शहरानें १९७३ सालीं, आणि त्याच्या आगेंमागें इतर अनेक शहरांनीं त्याचें अनुकरण केलें.

या नियमानें एक मोठी गोष्ट साधली. कलेचा खर्च देणगीदाराच्या लहरीवर न राहतां अंदाजपत्रकांत जाऊन बसला. पाया, विटा, गटार, विजेच्या तारा, तशीच कला. १९७६ सालीं नगरमंदिराच्या समोर एका नव्या कचेरीपुढें क्लेस ओल्डनबर्ग या शिल्पकाराचा पंचेचाळीस फूट उंचीचा कपडे वाळत घालावयाचा चिमटा उभा राहिला, तोहि याच नियमाच्या पैशांतून. नगरमंदिराच्या मनोऱ्यावर शहराचा संस्थापक विल्यम पेन याचा पुतळा आहे, आणि खालीं रस्त्यावर धुण्याच्या दोरीवरचा पोलादी चिमटा! कित्येकांनीं कपाळाला हात लावला. कांहीं वर्षांनीं तेच लोक "चिमट्यापाशीं भेटूं" असें सांगूं लागले.

तरी या नियमांत एक उणीव होतीच. जेथें बांधकाम तेथेंच कला. ज्या वस्त्यांतून कारखाने उठून गेले, घरें ओस पडलीं आणि नवी इमारत म्हणून उभीच राहीना, तेथें शेंकडा एक काढावयाचा तरी कशांतून? शून्याचा शंभरावा भाग शून्यच. शिवाय कलाकृति निवडावयाची ती पुन्हां जाणकारांनींच. रहिवाशाला ती दिसे ती उभी राहिल्यावर.

असें केल्यानें काय होतें याचा धडा न्यूयॉर्कमध्यें मिळाला. तेथील एका केंद्र सरकारी कचेरीच्या पटांगणांत १९८१ सालीं रिचर्ड सेरा या नामांकित शिल्पकाराची 'टिल्टेड आर्क' ही कलाकृति बसविली गेली. ती म्हणजे एकशें वीस फूट लांब व बारा फूट उंच अशी, किंचित् कललेली, तांबूस गंजाच्या रंगाची पोलादी भिंत. ती निवडली होती तज्ज्ञांनीं. पण दुपारच्या सुटींत पटांगणांत बसणाऱ्या कारकुनांची वाट तिनें अडविली. तेराशें सह्यांचा अर्ज झाला. १९८५ च्या मार्चमध्यें तीन दिवस जाहीर सुनावणी झाली. सुमारें एकशें ऐंशीं लोक बोलले, आणि नवल असें कीं शिल्प राहूं द्या म्हणणारेच त्यांत अधिक होते. त्यांत कलावंतांचा भरणा मोठा होता. तरीहि तें हलविण्याचा निर्णय झाला. सेरा म्हणे, हें शिल्प याच जागेसाठीं घडविलें आहे, हलविणें म्हणजे मोडणें. अखेर १५ मार्च १९८९ च्या रात्रीं कामगारांनीं त्याचे तुकडे करून तें गोदामांत नेलें. यांत जिंकलें कोण? कलावंताची कृति गेली, सरकारचा पैसा गेला, आणि कारकुनांच्या मनांत नव्या कलेविषयीं अढी तेवढी राहिली. हा वाद सुनावणींत झाला, तो निवडीपूर्वीं व्हावयास हवा होता.

आतां चौथें उत्तर, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें. १९८४ सालीं फिलाडेल्फियाचे मेयर विल्सन गूड हे भिंतीवरच्या रेघोट्यांनीं हैराण झाले होते. रंगाचे फवारे घेऊन मुलें रात्रीं आपलीं नांवें भिंतींवर उमटवीत. या प्रकाराला आळा घालण्यासाठीं नेमलेल्या खात्यांत जेन गोल्डन नांवाच्या तरुण चित्रकर्तीस घेण्यांत आलें. त्यांनीं या मुलांशीं ओळख केली, आणि ज्या हातांना भिंतीची ओढ आहे त्यांना भिंत पुसावयास लावण्याबरोबरच ती रंगवावयासहि शिकविलें. १९९६ सालीं या कामाला 'म्यूरल आर्ट्स' या नांवानें स्वतंत्र स्वरूप मिळालें. आजवर त्यांतून तीन हजारांहून अधिक भित्तिचित्रें झालीं आहेत.

चित्रांच्या संख्येपेक्षां योजना आंखण्याची त्यांची रीत अधिक पाहण्यासारखी आहे. प्रथम वस्तींतून मागणी यावी लागते. मग भिंतीची तपासणी होते, कारण ओल धरलेल्या किंवा पडावयास झालेल्या भिंतीवर रंग टिकत नाहीं. घरमालकाची लेखी संमति घ्यावयाची. त्यानंतर चर्चच्या तळघरांत, शाळेंत, वाचनालयांत रहिवाशांच्या सभा. तेथें चित्रकारानें प्रथम आपलें चित्र दाखवावयाचें नाहीं, लोकांचें ऐकावयाचें. या गल्लींत कोण राहत असे? काय गमावलें? मुलांना काय दिसावेंसें वाटतें? त्यावरून कच्चा आराखडा, पुन्हां सभा, पुन्हां बदल. शहराचा पैसा असेल तर आराखडा कलामंडळापुढें जातो. म्हणजे द्वारपाल आपल्या जागीं आहेच, पण त्याच्या दाराशीं येण्यापूर्वीं चित्र वस्तींतून फिरून आलेलें असतें. पुढें एका हलक्या कापडावर, ज्याला तेथें पॅराशूटचें कापड म्हणतात, चित्राचे चौकोन आंखून देतात. तें शाळेंतील मुलें, वृद्ध, फार काय तुरुंगांतील कैदीहि बसल्या जागीं रंगवितात. मग सर्व तुकडे भिंतीवर चिकटवून चित्र पुरें होतें. ज्याचा शिडीवर चढण्याचा अधिकार नाहीं किंवा ताकद नाहीं, त्याचाहि हात भिंतीला लागतो.

या विचारण्याची किंमत काय असते तें दोन उदाहरणांवरून कळेल. १९९७ सालीं ग्रेज फेरी या वस्तींत गोऱ्या आणि काळ्या रहिवाशांत हिंसाचार होऊन वातावरण तापलें होतें. तेथें भित्तिचित्राची सूचना निघाली तेव्हां रंगानें काय होणार, अशी शंका लोकांनीं घेतली. अखेर जें चित्र झालें त्यांत वेगवेगळ्या वर्णांचे हात एकमेकांवर ठेवलेले आहेत, एवढेंच. चित्रानें वैर मिटलें असें मी म्हणत नाहीं, पण त्यासाठीं एका खोलींत बसणें दोन्हीं बाजूंना भाग पडलें.

दुसरें उदाहरण अधिक अवघड. २००४ च्या सुमारास ग्रेटरफर्ड येथील तुरुंगांतील कैदी आणि गुन्ह्यांत ज्यांचीं माणसें मारलीं गेलीं असे आप्त, यांनीं मिळून एक चित्र करावें असें ठरलें. दोघेहि बसले, पण एका आराखड्यावर एकमत होईना. कैद्यांना पश्चात्ताप दाखवावयाचा होता, आप्तांना आपलें दुःख झांकलें जाणें नको होतें. योजना करणारांनीं कोणा एकाचें म्हणणें दाबलें नाहीं. दोन भिंती घेतल्या आणि दोन चित्रें केलीं, एक कैद्यांच्या वाटचालीचें, दुसरें पीडितांच्या. त्या चित्रांचें रंगकाम मात्र दोघांनींहि केलें. एकमत न होणें हें अपयश नव्हे. तें न लपवितां भिंतीवर मांडतां येतें, हें त्यांनीं दाखविलें.

परंतु लोकांना विचारलें म्हणजे प्रश्न सुटला, असें समजणेंहि भाबडेपणाचें होईल. पूर्वीं पोलीसप्रमुख आणि १९७२ ते १९८० मेयर असलेले फ्रँक रिझो यांचें भित्तिचित्र १९९५ सालीं शहरांतील इटालियन बाजारांत काढलें गेलें. त्या वस्तीला तो आपला माणूस वाटत होता. पुढें १९९९ सालीं त्यांच्या चाहत्यांनीं दिलेला पुतळाहि नगरमंदिराजवळ उभा राहिला. परंतु शहरांतील काळ्या नागरिकांच्या आठवणी निराळ्या होत्या. त्यांना रिझो म्हटलें कीं पोलिसांचा जुलूम आठवे. चित्राची पुनःपुन्हां विटंबना होई, आणि तें पुनःपुन्हां सुधारलें जाई. १९२० नंतरच्या शंभर वर्षांत शहराची वस्तीच पार बदलून गेली होती. २०२० च्या जूनमध्यें देशभर उसळलेल्या निदर्शनांत प्रथम पुतळा हलविला गेला, आणि चारच दिवसांनीं भित्तिचित्रावर रंग फिरला. वस्तीला विचारलें होतें, पण वस्ती म्हणजे कोण? भिंतीसमोर राहणारे कीं तिच्यावरून जाणारे? आणि पंचवीस वर्षांपूर्वीं दिलेला होकार आज जन्मलेल्यांवर बंधनकारक आहे काय?

म्हणून कलामंडळाच्या योजनेंत तीन गोष्टी लिहून ठेवलेल्या असाव्या असें मला वाटतें. पहिली, चित्रकार नेमण्यापूर्वीं कोणाकोणाला विचारावयाचें. त्यांत विरोध करणारे कोण, त्यांचींहि नांवें असावींत. दुसरी, चित्र झाल्यावर तें राखावयाचें कोणीं; कारण ऊनपावसानें रंग उडतात, शेजारीं घर उठून भिंत झांकली जाते, आणि उद्घाटनाला पैसे मिळतात तसे डागडुजीला मिळत नाहींत. तिसरी, ठराविक वर्षांनीं त्याचा फेरविचार कधीं व कोणापुढें व्हावयाचा. हा फेरविचार शांतपणें सभेंत झाला नाहीं, तर तो रात्रीं दोर आणि क्रेन घेऊन होतो, हें न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया या दोन्ही शहरांनीं पाहिलें आहे.

देणगीदार, जाणकार, कायदा आणि रहिवासी हीं चारहि उत्तरें आज त्या शहरांत एकत्र नांदतात. देणगीवांचून कांहीं सुंदर शिल्पें आलींच नसतीं, जाणकारांवांचून सुमारांना अटकाव झाला नसता, कायद्यावांचून पैसा नियमानें आला नसता. परंतु या तिघांनीं मिळून जी भिंत उभी केली तिच्याशीं आपला कांहीं संबंध आहे असें गल्लींतल्या पोराला वाटावयाचें असेल, तर चर्चच्या तळघरांतली ती कंटाळवाणी, लांबलेली, भांडणांनीं भरलेली सभा टाळून चालत नाहीं.